उशिराच्या तोडीची गोड वाइन, जर्मनीबाहेरची

जर्मनीच्या रीस्लिंग जातीच्या द्राक्षांपासून केलेल्या गोड वाइनची सवय एकदा जिभेला लागली की माणूस बाकीच्या गोड वाइनकडे जरा संशयानेच पाहू लागतो. श्पेटलेजे, आउसलेजे, बेरेनआउसलेजे अशी द्राक्षाच्या पिकलेपणाची चढती भाजणी असलेल्या त्या बाटल्या फ्रँकफर्टजवळ नोकरी करणारा माझा मावसभाऊ सुट्टीवर येताना आणीत असे. तो पुण्याला कायमचा परतला आणि ती सोय संपली. तेव्हापासून वरूड तालुक्यातल्या आमच्या संत्र्याच्या बागेत राहून मी एका प्रश्नाचा पाठपुरावा करतो आहे, तो असा की द्राक्षे वेलीवर मुद्दाम जास्त दिवस ठेवून केलेली गोड वाइन जर्मनीबाहेर कुठे कुठे होते आणि त्यांपैकी कोणती शोधण्याच्या लायकीची आहे. शोधाची निकड आणखी एका कारणाने वाढली. 2019 च्या हंगामात जर्मनीत थंडी इतकी कमी पडली की गोठलेल्या द्राक्षांची आइसवाइन त्या वर्षी होऊच शकली नाही. त्या वाइनसाठी उणे 7 अंश तापमान लागते आणि तेवढे ते खाली उतरलेच नाही. जिथला हवाला द्यायचा, तिथलाच हंगाम असा हुकू लागल्यावर दुसरीकडे पाहणे भागच आहे.

मी जे काही प्यालो आणि वाचले, त्यातून एकच कसोटी हाताशी आली आहे. अशा वाइनमध्ये गोडी किती आहे हे न पाहता तिच्यात आंबटपणा किती शिल्लक राहिला आहे हे पाहावे. साखर काय, कुठल्याही पिकल्या द्राक्षात असते. त्या साखरेला उचलून धरणारे आम्ल मात्र सगळीकडे टिकत नाही, आणि ते नसले की पहिला घोट बरा लागतो, दुसरा जड होतो आणि तिसऱ्याला पेला बाजूला ठेवावासा वाटतो.

संत्रा उत्पादकाला ही गोष्ट पटकन समजते. अंबिया बहाराचे फळ भाव येईल या आशेने झाडावर जास्त काळ ठेवले, तर त्याची साल सुटते, फळ पोकळ होते, आंबटपणा उतरतो आणि वाढीव गोडी काही पदरात पडत नाही. उलट फळगळीने नुकसान होते ते वेगळेच. द्राक्षाची साल पातळ असल्यामुळे त्याचे गणित निराळे आहे. मण्यातले पाणी सालीतून उडून जाते, रस आटतो आणि आत जे जे काही आहे ते सगळे दाट होते, म्हणजे साखरही आणि पुष्कळदा आम्लही. हे पाणी कशामुळे जाते यावर वाइनचा सारा स्वभाव ठरतो. कुठे उन्हावाऱ्याने मणी सुकतो, कुठे बर्फाने गोठतो आणि कुठे बुरशी त्याचे काम करते.

बुरशीचे नाव काढले की आमच्या भागातल्या माणसाला संत्र्याच्या झाडाचा डिंक्या रोग आठवतो आणि तो फवारणीच्या पंपाकडे धावतो. पण बोट्रायटिस सिनेरिया नावाची जी करडी बुरशी सततच्या पावसात द्राक्षाचा घड सडवून टाकते, तीच बुरशी सकाळी धुके आणि दुपारी कोरडे ऊन असे हवामान मिळाले की मण्याच्या सालीला केसाएवढी बारीक छिद्रे पाडून थांबते, आणि त्या छिद्रांतून पाणी निघून जाते. धुके हवे, पण ते दुपारपर्यंत विरायला हवे, ही अट इतकी नाजूक आहे की जगात मोजक्याच जागी ती वर्षानुवर्षे पाळली जाते आणि त्या जागा बहुधा पाण्याच्या काठाला असतात.

त्यांपैकी माझ्या मते पहिला मान हंगेरीतल्या टोकायला आहे. बोद्रोग आणि तिसा या नद्यांच्या संगमावर शरद ऋतूत धुके दाटते आणि फुरमिंट या मुख्य जातीचे मणी वेलीवरच सुकून सुरकुततात. अशा मण्यांना तिथे आसू म्हणतात आणि ते घडातून एकेक करून वेचावे लागतात. वेचलेले मणी मळून त्यांचा लगदा करायचा आणि तो त्याच वर्षीच्या ताज्या रसात किंवा वाइनमध्ये भिजत घालायचा, अशी ही पद्धत आहे. सुमारे 25 किलोची एक टोपली म्हणजे पुटोन्य, आणि 136 लिटरच्या पिंपात अशा किती टोपल्या घातल्या त्यावरून वाइनची प्रत सांगितली जाई. आता हा आकडा टोपल्या मोजून ठरत नाही, वाइनमध्ये उरलेल्या साखरेवरून ठरतो. 2013 च्या नियमांनुसार आसू म्हणवून घ्यायला लिटरमागे किमान 120 ग्रॅम साखर लागते आणि सहा पुटोन्योशसाठी 150 ग्रॅम. इतकी साखर ऐकून कुणालाही वाटेल की हे सरबत असणार. पण फुरमिंटचे आम्ल एवढे धारदार असते की घोट गिळल्यावर तोंड स्वच्छ होते. आमच्या मोठेबाबांनी, ज्यांना दारूचे मुळीच कौतुक नाही, घोटभर चाखून दिलेला अभिप्राय मला कोणत्याही तज्ज्ञाच्या टिपणापेक्षा नेमका वाटतो: "गोड त हाय, पण काकवीसारकं तोंडात चिकटून नाई रायत."

टोकायच्या मळ्यांची सीमा 1737 मध्ये राजाज्ञेने आखली गेली, म्हणजे अमुक गावाचे पीक अमुक नावानेच विकले जावे हा आज नागपुरी संत्र्याच्या भौगोलिक मानांकनातून आपण जो आग्रह धरतो, तो तिथे जवळपास तीनशे वर्षे जुना आहे. पुढे साम्यवादी राजवटीत मळे आणि तळघरे सरकारी झाली, मालाच्या दर्जापेक्षा त्याचे माप महत्त्वाचे ठरले आणि 1989 नंतरच जुनी काळजी परत आली. खरेदी करणाऱ्याने एक लक्षात ठेवावे. टोकायचीच "लेट हार्वेस्ट" असे लिहिलेली बाटली आसूपेक्षा बरीच स्वस्त असते, कारण तिच्यासाठी मणी वेगळे वेचून भिजवण्याचा आणि पिंपात दीर्घकाळ मुरवण्याचा खटाटोप केलेला नसतो. नव्या माणसाने तिच्यापासूनच सुरुवात करावी. एसेन्सिया नावाचा आणखी एक प्रकार आहे, जो नुसत्या आसू मण्यांच्या ढिगातून आपोआप पाझरलेल्या रसाचा असतो आणि त्यात साखर लिटरमागे 450 ग्रॅमच्या वर असते. इतक्या साखरेत यीस्टचाही जीव गुदमरतो, त्यामुळे आंबायला वर्षे लागतात आणि तरी अल्कोहोल जेमतेम दोन ते पाच टक्के तयार होते. तो चमच्याने चाखायचा पदार्थ आहे आणि त्याची किंमत ऐकूनच आपली तहान भागते.

फ्रान्समधल्या सोतेर्नची कीर्ती टोकायहून मोठी आहे, माझी आवड मात्र थोडी कमी. बोर्दोच्या दक्षिणेला सिरोन नावाची थंड पाण्याची लहान नदी गारोनला मिळते, तिथे धुके उठते आणि सेमियों जातीच्या द्राक्षावर तीच बुरशी बसते. बोर्दोच्या वाइनच्या 1855 मधल्या प्रसिद्ध वर्गवारीत शातो दीकेम या एकट्याच मळ्याला सर्वांच्या वरची स्वतंत्र पायरी दिली गेली. त्या मळ्यात तोडणारे लोक एकाच वेलीकडे पुन्हा पुन्हा येऊन तयार झालेलेच मणी नेतात आणि एका वेलीमागे जेमतेम एक पेला वाइन निघते, असे तिथे सांगितले जाते. 2012 मध्ये पीक मनासारखे न आल्यामुळे त्यांनी त्या वर्षीची दीकेम बाजारात आणलीच नाही. आलेला माल नाव राखण्यासाठी विकायचा नाही, ही चैन परवडणारा शेतकरी मी आमच्या पंचक्रोशीत तरी पाहिलेला नाही. सोतेर्नमध्ये अल्कोहोल 13 ते 14 टक्के असते, अंगाने ती जाड असते आणि नव्या ओकच्या पिंपाचा वास तिला लागलेला असतो. जर्मनीच्या सात-आठ टक्क्यांच्या हलक्याफुलक्या गोड वाइनवर वाढलेल्या जिभेला हा बदल झेपायला वेळ लागतो. ज्याला ही शैली आवडते आणि खिसा मात्र शेतकऱ्याचा आहे, त्याने गारोनच्या पलीकडच्या काठावरचे लुपियाक, कादियाक आणि सेंत-क्रुआ-द्यु-माँ, किंवा थोड्या पूर्वेला असलेले माँबाझियाक या नावांचा शोध घ्यावा. तिथेही बुरशी तीच, द्राक्षाच्या जातीही बहुतेक त्याच, फक्त नावाचे पैसे द्यावे लागत नाहीत.

माझे स्वतःचे मन मात्र पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या जुरांसाँ या गावापाशी अडकले आहे. तिथे बुरशीची वाट पाहिली जात नाही. पती मांसाँ जातीचे मणी लहान, जाड सालीचे आणि म्हणूनच न सडणारे असतात. शरदात दक्षिणेकडून डोंगर उतरून येणारा उबदार, कोरडा वारा त्यांना वेलीवरच सुकवतो आणि तोड कधी नोव्हेंबरात, तर कधी त्याच्याही पुढे जाते. या जातीत आम्ल इतके असते की गोडी कितीही चढली तरी वाइन झोपत नाही. फ्रान्सचा राजा चौथा हेन्री 1553 मध्ये जन्मला तेव्हा त्याच्या ओठांना लसूण आणि जुरांसाँची वाइन लावली, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडच्या मधाच्या बोटाला तिकडे हा पर्याय. लेबल वाचताना एवढेच पाहावे की नुसते "जुरांसाँ" लिहिलेले असेल तर वाइन गोड असते आणि पुढे "सेक" असेल तर ती कोरडी, म्हणजे गोडी नसलेली असते.

फ्रान्सच्याच लोआर खोऱ्यातली शेनिन ब्लाँ ही द्राक्षाची जातसुद्धा याच कुळातली, म्हणजे आम्लाच्या जोरावर गोडी पेलणारी. कोतो द्यु लेयाँ, बोनझो आणि कार द शोम ही तिथली नावे लक्षात ठेवण्यासारखी आहेत, आणि तिथल्याच वूव्रेच्या बाटलीवर "म्वेल्यो", म्हणजे गोड, हा शब्द असल्याची खात्री करून घ्यावी, कारण वूव्रे कोरडीही होते, मधलीही होते आणि फसफसणारीही होते. आल्सासमध्ये उशिराच्या तोडीला "व्हांदांज तार्दिव्ह" म्हणतात. तिथे रीस्लिंगही आहे, त्यामुळे जर्मनीची आठवण काढणारा माणूस आधी तिकडेच वळतो, पण ती वाइन अधिक भारदस्त असते.

खरी जर्मनीची शेजारीण हवी असेल तर ऑस्ट्रिया. लेबलवर शब्द तेच, पायऱ्या जवळपास त्याच, आणि हंगेरीच्या सीमेवर नॉयझीडलर नावाचे एक विस्तीर्ण सरोवर आहे, जे कुठेही दोन मीटरहून खोल नाही. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तलावाचे पाणी उन्हाळ्यात जेवढे उरते तेवढ्या खोलीचे हे पाणी शरदात दररोज धुके देते आणि बुरशी जवळपास दरवर्षी हजेरी लावते. काठावरच्या रुस्ट गावाने 1681 मध्ये सम्राटाला रोख रकमेबरोबर आपली गोड वाइन देऊन स्वतंत्र शहराचा दर्जा मिळवला. या प्रदेशाला 1985 मध्ये मोठा डागही लागला. काही उत्पादकांनी वाइन अधिक भरीव भासावी म्हणून तिच्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन मिसळल्याचे उघड झाले, ऑस्ट्रियाची निर्यात कोसळली आणि त्यानंतर तिथले कायदे फार कडक झाले. आज इलमित्सच्या क्राखरसारख्या उत्पादकांच्या बाटल्या निर्धास्तपणे घ्याव्यात.

कॅनडाच्या आइसवाइनबद्दल मी थोडक्यात आटोपतो, कारण तिच्याविषयी माझा उत्साह बेताचा आहे. नायगारा भागातल्या इनिस्किलिनने 1984 मध्ये ती व्यापारी प्रमाणावर सुरू केली आणि त्यांच्या 1989 च्या वाइनने 1991 मध्ये बोर्दोच्या प्रदर्शनात मोठा सन्मान मिळवला. उणे 8 अंशांत गोठलेले मणी तसेच दाबायचे, म्हणजे पाण्याचा बर्फ मागे राहतो आणि दाट रस तेवढा निघतो. आंबा आणि लिची यांचा वास भरभरून असतो, आम्लही असते, पण बुरशीमुळे येणारी ती वाळल्या संत्रासालीची आणि मधाची छटा तिच्यात नसते. संत्र्यात जन्म गेलेल्या माणसाला ती छटा हवीच असते, हा माझा दोष समजावा. वरूड-मोर्शीला लोक विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात, म्हणून हेही सांगून टाकतो की खऱ्या कॅलिफोर्नियात, नापा खोऱ्यात, डोल्चे नावाची केवळ उशिराच्या तोडीच्या एकाच वाइनला वाहिलेली वाइनरी आहे. इटलीतल्या पांतेल्लेरिया बेटावरची पासितो मात्र या यादीत बसत नाही, कारण तिथे द्राक्षे तोडल्यानंतर उन्हात वाळवतात.

दक्षिण गोलार्धातल्या दोन नावांवर मात्र थांबायला हवे. केपटाउनजवळच्या कॉन्स्टान्शियाची गोड वाइन अठराव्या शतकात युरोपच्या दरबारांत जात असे आणि सेंट हेलेना बेटावर कैदेत असलेल्या नेपोलियनलाही ती पोहोचवली जाई. मधल्या काळात ती नामशेष झाली आणि क्लाइन कॉन्स्टान्शियाने 1986 च्या पिकापासून "व्हाँ द कॉन्स्टान्स" या नावाने ती पुन्हा उभी केली. तीही बुरशीविना, वेलीवर सुकलेल्या मस्कत द्राक्षांची असते. दुसरे नाव ऑस्ट्रेलियातल्या डी बोर्तोलीच्या "नोबल वन"चे. न्यू साउथ वेल्समधल्या रिव्हरिना या उष्ण, कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या प्रदेशात 1982 मध्ये बुरशी लागलेल्या सेमियोंपासून ती पहिल्यांदा केली गेली. आम्हा भारतीयांसाठी तिला एक व्यावहारिक महत्त्व आहे. परदेशी वाइनवर आपल्याकडे 150 टक्के सीमाशुल्क असते, पण ऑस्ट्रेलियाबरोबरचा व्यापार करार 29 डिसेंबर 2022 पासून लागू झाला आणि त्यात 5 अमेरिकी डॉलरहून महाग बाटलीवरचे शुल्क 100 टक्क्यांवर, तर 15 डॉलरहून महाग बाटलीवरचे 75 टक्क्यांवर आले. पुढच्या दहा वर्षांत ते अनुक्रमे 50 आणि 25 टक्क्यांपर्यंत उतरायचे आहे.

आता नाशिककडे वळतो, कारण "आपल्याकडे काय आहे" हा प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो. सुला आणि रेव्हेलो या दोघांनी शेनिन ब्लाँची लेट हार्वेस्ट वाइन केली आहे. जातीची निवड अगदी योग्य आहे, अडचण आहे ती ऋतूची. युरोपात द्राक्ष वेलीवर जितके उशिरापर्यंत राहते तितकी हवा थंड होत जाते आणि आम्ल टिकते. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा ओसरताना फळछाटणी आणि जानेवारी ते मार्च तोड असे चक्र आहे. त्यामुळे आपले द्राक्ष जितके थांबते तितके ते उन्हाळ्याच्या तोंडात जाते. गरम हवेत मण्यातले मॅलिक आम्ल झपाट्याने खर्ची पडते, आणि फेब्रुवारीनंतरच्या कोरड्या हवेत चांगल्या बुरशीला जागाच नसते. म्हणून नाशिकच्या या वाइनमध्ये मध, पिकला पेरू आणि आंबा भरपूर सापडतो, पण शेवटची धार बोथट वाटते. तरीही थंडगार करून घेतली तर ती आनंद देते, आयात बाटलीच्या मानाने बरीच स्वस्त पडते आणि गोड वाइन म्हणजे काय हे घरच्यांना दाखवायला तिच्याहून सोयीची दुसरी नाही.

ती मिळवायची कशी, हा वरूडसारख्या ठिकाणी वेगळाच विषय आहे. तालुक्याच्या दुकानात बिअर आणि व्हिस्कीच्या भिंती असतात आणि वाइन म्हणून ज्या बाटल्या धूळ खात उभ्या असतात, त्या काचेआड किती उन्हाळे पाहून झाल्या आहेत याचा नेम नसतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो. अशा दुकानातली गोड पांढरी वाइन तपकिरी झालेली दिसली तर ती जुनी आणि मुरलेली आहे असे समजू नये, ती भाजलेली आहे. त्यामुळे मी नागपूरच्या मोठ्या, वातानुकूलित दुकानातूनच घेतो आणि दारू बाळगण्याचा परवाना जवळ ठेवतो. येताना काटोल-जलालखेडा मार्गाने येतो, कारण कारंजा-तळेगावचा महामार्ग वर्धा जिल्ह्यातून जातो आणि तिथे 1974 पासून दारूबंदी आहे. दोन बाटल्यांपायी नाक्यावर खुलासे देत बसण्यापेक्षा हा रस्ता बरा.

विदेशातून कुणी येणार असेल तर काम सोपे होते. प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते आणि गोड वाइन लहान बाटल्यांत मिळते, म्हणजे टोकाय आसूच्या अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या किंवा सोतेर्नच्या 375 मिलिलिटरच्या पाच बाटल्या या मर्यादेत बसतात. माणसाला नुसते "गोड वाइन आण" असे सांगू नये. तो विमानतळावरून गुलाबी रंगाचे काहीतरी घेऊन येतो. नाव, गाव आणि जात कागदावर लिहून द्यावी, आणि माझ्यासारखी आवड असेल तर पहिल्या ओळीत जुरांसाँ लिहावे.

जेवणाबाबत एक नियम पाळावा: पदार्थ वाइनपेक्षा गोड असता कामा नये. संत्रा बर्फी आणि पुरणपोळी इथेच बाद होतात, कारण त्यांच्यापुढे आसूसुद्धा आंबट पाणी लागते. उलट मेथीचे लाडू, गूळ बेताचा असलेले, सोतेर्न किंवा आसूबरोबर आश्चर्य वाटावे इतके जुळतात. याला कारणही आहे: मेथीदाण्याचा वास ज्या सोटोलॉन नावाच्या द्रव्याचा असतो, तेच द्रव्य बुरशी लागलेल्या द्राक्षांच्या वाइनमध्येही सापडते. खारवलेले शेंगदाणे आणि तिखट कमी असलेली पाटवडीही चालते. सावजीच्या रश्श्याबरोबर यातली कोणतीही बाटली उघडू नये, तिथे पैसे वाया जातात. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवली तर साखर आणि आम्लाच्या जोरावर दोन-तीन आठवडे नीट राहते, आणि वीज जाणाऱ्या आमच्या गावात त्या काळात ती संपवलेलीच बरी.